तीन हजार चारशे बावन्न वेळा जिराफ

मुख्य कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा मावशी जिना पुसत शेवटच्या पायरीपर्यंत आल्या होत्या. वरून पुसत खाली यायचं आणि पायऱ्या वाळेपर्यंत कुणाला चढू-उतरू द्यायचं नाही, ही त्यांची सोळा वर्षांची शिस्त. वाचनालयाचे सर या शिस्तीला इतके भ्यायचे, की पायऱ्या ओल्या असल्या म्हणजे वरच अडकून पडायचे आणि तिथूनच खाली हाका मारायचे. त्या सकाळी मात्र ते ओल्या पायऱ्यांवरून धडाधडा खाली आले. एका हातात कागद, दुसऱ्या हातात चष्मा.

"मावशी, रागवायचं ते नंतर रागवा. आधी हे ऐका."

"आधी कठडा धरा. पडलात तर तुम्हाला उचलायचं कामही माझ्याच गळ्यात पडेल."

सरांनी कठडा काही धरला नाही. "आपण तरलो," ते म्हणाले. "म्हणजे जवळजवळ तरलोच."

मावशींनी फडकं बादलीत सोडलं. गेले चार महिने सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता. शहरात मोठं वाचनालय एक आणि लहान तीन. या तीन लहानांपैकी एक या वर्षी बंद करायचं, असं मुख्य कार्यालयानं ठरवलं होतं. बंद झालं की पुस्तकं मोठ्या वाचनालयात जाणार, खुर्च्या गोदामात, सर कुठल्या तरी टेबलामागे आणि मावशी घरी. घरी बसायला मावशी घाबरत नव्हत्या. पण इथे रोज येणाऱ्या माणसांनी जायचं कुठे, हे त्यांना काही केल्या सुचत नव्हतं. खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रं आणि सभेची खोली, वरच्या मजल्यावर पुस्तकं आणि भिंतीला लागून सहा संगणक. त्या सहा संगणकांवर निम्मी वस्ती काही ना काही शोधायला यायची. ज्यांना घरी कुणी नीट उत्तर देत नाही आणि ज्यांना घरी विचारायचं नसतं, अशी दोन्ही प्रकारची माणसं त्यात होती.

तीनांतलं कोणतं बंद करायचं, हे ठरवण्यासाठी संचालक मॅडमनी या वेळी नवी टूम काढली होती. लोकांना काय आवडतं हे लोकांना विचारलं तर ते शोभेल तेवढंच सांगतात, असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी माणसांना न विचारता संगणकांना विचारलं. वर्षभरात कुठल्या वाचनालयात इंटरनेटवर काय किती वेळा शोधलं, त्याची नुसती मोजदाद. नाव नाही, गाव नाही, फक्त प्रश्न आणि आकडा.

सर पत्र वाचू लागले. "पहिल्या वाचनालयात एक नंबरला सामन्याचा स्कोअर, दोन नंबरला नटनट्यांची लग्नं, तीन नंबरला परीक्षांचे निकाल. दुसऱ्या वाचनालयातही तेच, फक्त लग्नं आधी आणि सामना नंतर. मॅडम लिहितात, कुठेही जा, हेच असतं. आणि पुढे लिहितात," सरांचा आवाज चढला, "पण आपल्या वाचनालयाची यादी पाहून मी खुर्चीतून उठून उभी राहिले. सामन्याला, लग्नांना, निकालांना खूप मागे टाकून, तीन हजार चारशे बावन्न वेळा या वस्तीनं एकच प्रश्न विचारला आहे. जिराफ झोपतो कसा."

मावशींनी पिळायला उचललेलं फडकं हातातच राहिलं. पाणी त्यांच्या चपलेवर गळत होतं.

"मावशी, जिराफ! आपल्या माणसांना एवढी जिज्ञासा, आणि मला पत्ता नाही. मॅडम शनिवारी स्वतः येतायत, सोबत प्राण्यांचे डॉक्टर. जिराफावर भाषण. आणि भाषणानंतर आपलं वाचनालय चालू राहणार असं जाहीर करणार. अट एकच, सभेची खोली भरली पाहिजे, असं म्हणतात. बोला ना काहीतरी."

"चांगलं झालं," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून निघाल्या. बादली मोरीच्या जाळीवर रिकामी करायची सोडून त्यांनी ती तशीच कपाटात ठेवली आणि कपाटाला कडी घातली.

कारण ते तीन हजार चारशे बावन्न जिराफ मावशींचे होते.

मावशी अक्षरं शिकल्या पन्नाशी उलटल्यावर. याच इमारतीत, मुलांच्या कपाटातल्या प्राण्यांच्या पुस्तकावरून. पुढे संगणक आले तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटांनी जे वाक्य लिहिलं, ते हेच. त्या पुस्तकात जिराफाचं उभं चित्र होतं, आणि एवढी मान घेऊन हा प्राणी आडवा तरी कसा होतो, ही शंका त्यांना बरेच दिवस छळत होती. उत्तर आलं, मावशी खूश झाल्या. तिथंच ते संपलं असतं.

पण संगणक दुरुस्त करायला येणारा माणूस एकदा म्हणाला होता, "मावशी, पडदा उजळला म्हणजे इंटरनेटची लाइन आली असं समजू नका. काहीतरी विचारून बघा. उत्तर आलं तर लाइन आहे." तेव्हापासून रोज सकाळी दार उघडलं की सहा संगणक, सहा वेळा जिराफ. दुपारच्या सुट्टीत लाइन हटकून जायची, म्हणून सुट्टीनंतर पुन्हा सहा. उत्तर वाचायची गरज नव्हती, ते तोंडपाठ होतं. आलं की पुढचा संगणक. याला मावशी 'शोधणं' म्हणतच नव्हत्या. नळ सोडून पाणी आलंय का बघतात, तसंच ते.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा चाव्या बनवायचा. पुढच्या खोलीतच खिडकीखाली त्याचं यंत्र होतं, आणि समोर खिळ्यांवर चाव्यांच्या माळा.

"अहो, मोठा घोटाळा झालाय."

"काय?"

"घोटाळा. माझ्या हातून."

"टाळं कुणाचं आहे?"

"टाळं कुठून काढलंत? घोटाळा म्हणते मी." मावशींनी यंत्राचं बटण बंद केलं आणि समोर बसून पहिल्यापासून सांगितलं. नवरा त्यांच्या तोंडाकडे टक लावून ऐकत होता. जिराफाशी आल्यावर तो असा हसत सुटला, की हातातली कानस खाली पडली.

"म्हणजे शहराच्या कचेरीत सगळे मोठमोठे लोक बसून विचार करतायत, या वस्तीला जिराफ का आवडतो. आणि वस्ती म्हणजे तू एकटी."

"हसा. आता मी काय करू ते सांगा. खरं सांगितलं तर वाचनालय जाईल. नाही सांगितलं तर ते डॉक्टर एवढ्या लांबून माझ्या एकटीसाठी येतील, आणि मला तर उत्तर पाठ आहे."

नवऱ्यानं कानस उचलली. "हे बघ, मी लोकांची कुलपं उघडतो. उघडल्यावर आत काय आहे ते बघत नाही. पण किल्ली माझ्याकडे नव्हतीच, असंही म्हणत नाही."

"याचा अर्थ काय घ्यायचा मी?"

"काय?"

"जाऊ दे. तुमच्याशी बोलण्यापेक्षा कुलपाशी बोललेलं बरं," असं म्हणून मावशी उठल्या. हल्ली त्याला दर वाक्यामागे 'काय' म्हणायची सवय लागली होती. मुद्दाम खिजवतो, असं त्या धरून चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली. सरांनी ती पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांकडून हौसेनं करून घेतली होती. वर पिवळाधमक जिराफ, खाली मोठ्या अक्षरांत, 'आपण हे तीन हजार चारशे बावन्न वेळा विचारलंत. शनिवारी चार वाजता उत्तर ऐकायला या.' जिराफाच्या कडा जरा नागमोडी आल्या होत्या, पण ऐटदार होता.

आणि वस्तीत जे सुरू झालं, ते मावशींनी सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं. जो येईल तो पाटीपुढे उभा. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका रोज वर्तमानपत्र वाचून, मग वर एखाद्या संगणकापाशी बसून कुणाशी न बोलता जायचे, ते आपणहून म्हणाले, "मावशी, कोण हो हा जिराफवाला? मला तर त्या शिवणवालीचा संशय आहे. दुपारी येते, तोंड लपवून बसते."

शिवणवाली अर्ध्या तासानं आली. "मावशी, तो कंडक्टरच असणार. माणूस घुमा आहे. घुम्या माणसांना असलेच नाद."

"मला काय विचारता? मी जिने पुसते."

गंमत अशी, की एरवी इथे पडद्यावर हात आडवा धरून लिहायची पद्धत होती. कुणी मागून गेलं की सगळे खिडक्या बंद कराव्यात तसे पटापटा पान मिटायचे. आता वस्तीतला कुणीतरी बेधडक जिराफ विचारतो म्हटल्यावर इतरांनाही धीर आला. शिवणवालीनं सगळ्यांदेखत विचारलं, की कोळ्याला जाळं विणायला कोण शिकवतं. बेकरीवाल्या काकूंनी विचारलं, की पोट रिकामं असताना आवाज का करतं आणि भरल्यावर गप्प का बसतं. उत्तर आलं की मोठ्यानं वाचायचं, त्यावर वाद घालायचा. तीन दिवसांत वाचनालयात एवढा गलका होऊ लागला, की सर शांतता राखा म्हणायला उठायचे आणि वाद ऐकत तिथंच उभे राहायचे.

मावशींना ते बघून उकळ्या फुटत होत्या, पण खरं सांगायचं राहिलंच होतं. गुरुवारी त्यांना राहवेना. पुस्तकांच्या कपाटांमागे सरांना गाठून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते शिडीच्या पायरीवर बसले. "रोज?"

"रोज दोनदा."

"आणि रविवारी?"

"रविवारी बंद असतं ना."

सरांनी डोक्याला हात लावला. मग उठून आपल्या टेबलाशी गेले आणि पत्राबरोबर आलेली पूर्ण यादी छापून आणली. जिराफावर त्यांनी पेनानं काट मारली. खाली निकाल होते, सामने होते, लग्नंही होती, सगळीकडे असतात तशीच. पण त्यांच्याही खाली, वीस-तीसच्या आकड्यांत, दुसरंच काही सुरू होत होतं. दोघं शिडीशी उभे राहून वाचू लागले.

एका माणसाचा स्वयंपाक किती करावा. मुलगा फोन उचलत नाही, आपण पुन्हा करावा का. हात थरथरतो, काम सोडावं का. नाच शिकायला वय किती चालतं. वारलेल्या माणसाचा नंबर फोनमधून काढावा का. कमी ऐकू येतं हे बायकोला कसं सांगावं.

सर शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले. मग म्हणाले, "हे आपल्याच इथे विचारलंय?"

"कुठल्या खुर्चीवरून तेही सांगू शकते मी. सांगणार नाही. हे शेवटचं तेवढं कुणाचं ते ठाऊक नाही. मी बुधवारी मोठ्या वाचनालयात मासिकं आणायला जाते, तेव्हा कुणी येत असेल."

"पण मावशी, यात जिज्ञासा अशी म्हणतात ती कुठे आहे? मॅडम बघतील आणि म्हणतील, ही तर घरगुती रडगाणी." सरांनी यादीची घडी केली. "तुम्ही आता काही बोलू नका. शनिवार पार पडू दे. हात जोडतो."

मावशींनी कबूल केलं. सर बिचारे हात जोडत होते, नाही कसं म्हणायचं?

शनिवारी दुपारच्या सुट्टीनंतर खाली खुर्च्या मांडून झाल्या. सर डॉक्टरांना आणायला गेले होते. तीन वाजता मावशी वर गेल्या. कान सगळे खाली, रस्त्याकडे. जीव थाऱ्यावर नव्हता. पण हातांना सवय होती. पहिला संगणक, जिराफ झोपतो कसा, उत्तर आलं, पुढे. दुसरा. तिसरा. चौथ्यावर 'झोपतो' लिहीत असताना मागून कुणीतरी म्हणालं,

"पुढच्या दोन्हींवरही तेच लिहिणार का?"

राखाडी केसांच्या, काठी टेकून उभ्या असलेल्या बाई. गळ्यात मुख्य कार्यालयाचं ओळखपत्र. संचालक मॅडम तासभर आधीच आल्या होत्या, आपल्या डोळ्यांनी जागा बघायला.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. पण चोरी हातातच सापडल्यावर बोलायला उलट सोपं जातं. "हो. लाइन आली का ते बघते. सकाळी सहा, दुपारी सहा."

मॅडमनी मनातल्या मनात गुणाकार केला असावा, कारण त्या जवळच्या खुर्चीवर बसल्या. "अहो बाई," त्या म्हणाल्या, "मी तीन सभांमध्ये या जिराफावर बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं? तुम्ही लाइन बघत होतात. चुकलं माझं, मी तुम्हाला वस्ती समजले." मग त्यांचा आवाज कोरडा झाला. "पण आता मला नियमानं जावं लागेल. जिराफ काढला तर तुमच्याकडे वेगळं काही उरत नाही. सामना, लग्नं, निकाल. आणि तिन्हींत तुमचीच इमारत सगळ्यात जुनी."

मावशींनी सरांच्या टेबलावरून घडी केलेली यादी उचलली आणि मॅडमच्या हातात दिली. "वरचं नका बघू. खालून वाचा."

मॅडम वाचत होत्या तोवर खाली गलबला सुरू झाला. मावशींनी खिडकीतून पाहिलं. साठ खुर्च्या मांडल्या होत्या, आणि दाराशी त्याच्या दुप्पट माणसं होती. पेंटरकाका आपणच रंगवलेल्या पाटीखाली उभं राहून दुसऱ्यांना जिराफ समजावून सांगत होते.

"हे कुणी विचारलंय?" मॅडमनी यादीवर बोट ठेवलं.

"ते नाही सांगता येणार."

"यातलं इथे कुणी मोठ्यानं बोलतं?"

"नाही."

"मग तुम्ही काय दाखवताय मला? गुपितं सगळीकडे असतात." मॅडम उठल्या. "भाषण होऊ दे. नंतर मला जे खरं आहे तेच सांगावं लागेल." यादी मात्र त्यांनी परत दिली नाही.

डॉक्टर गोलमटोल, हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी जिराफ झोपतो कसा ते पाच मिनिटांत सांगितलं. बराचसा उभ्यानं, थोडा थोडा वेळ डुलक्या काढत. कधी बसला, तर मान मागे वळवून स्वतःच्याच पाठीवर डोकं टेकतो. लोकांनी समाधानानं माना डोलावल्या. भिंतीला टेकून उभ्या मावशी मनात म्हणाल्या, संपलं. पाच मिनिटांत संपलं. आता मॅडम उठतील.

"काही विचारायचंय का?" डॉक्टर म्हणाले.

कंडक्टरकाका उठले. खाकरले. "डॉक्टरसाहेब, समजा जिराफ एकटाच राहिला. जोडीदारीण गेली. तर खातो किती? आधीइतकंच, की निम्मं?"

"खायला पाहिजे आधीइतकंच," डॉक्टर म्हणाले. "पण एकटा असला की चारी बाजूंना लक्ष त्यालाच ठेवावं लागतं, म्हणून कळपात खातो तसं निवांत खाता येत नाही."

"बरोबर," कंडक्टरकाका म्हणाले. "निवांत होत नाही." आणि बसले. शेजारच्या बेकरीवाल्या काकूंनी त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं.

मावशींना यादीतली ओळ आठवली. त्यांनी पुढच्या रांगेत पाहिलं. संचालक मॅडमनी मांडीवरची यादी उघडून एका ओळीवर पेन्सिलीनं खूण केली होती.

शिवणवाली उभी राहिली. एवढ्या माणसांत तिला कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. "पिल्लू मोठं होऊन लांब गेलं, आणि आईनं हाक मारली तरी ओ देत नसलं, तर आईनं काय करायचं? म्हणजे जिराफाच्या आईनं. मारत राहायची का हाक?"

"जिराफाचा आवाज आपल्याला फारसा ऐकूच येत नाही, बाई. ते अगदी खालच्या पट्टीत गुणगुणतात म्हणे. त्यामुळे आपल्याला वाटतं ओ दिली नाही. पण दिली नाहीच, असं मी तरी छातीठोक सांगणार नाही."

मॅडमच्या पेन्सिलीनं यादीवर दुसरी खूण केली.

मग धरणाचं दार उघडावं तसं झालं. पेंटरकाकांनी विचारलं, म्हाताऱ्या जिराफाची मान थरथरायला लागली तर कळपातले त्याला बाजूला काढतात का. डॉक्टर म्हणाले, छे, त्याला ठाऊक असलेली झाडं तरण्यांना कुठे ठाऊक असतात. बेकरीवाल्या काकूंनी विचारलं, जिराफ नाचतो का आणि कुठल्या वयापर्यंत. "धावताना बघा एकदा," डॉक्टर म्हणाले, "कुठल्याही वयात नाचल्यासारखाच दिसतो." खोलीत हशा पिकला. काकू लाजून लाल झाल्या, पण उभ्याच राहिल्या. एकाचा प्रश्न संपायच्या आत दुसऱ्याचा हात वर. डॉक्टरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. सर भिंतीशी उभे राहून एकदा मावशींकडे, एकदा मॅडमकडे बघत होते, आणि त्यांचं उघडं पडलेलं तोंड मिटत नव्हतं.

तेवढ्यात अगदी मागून एक ओळखीचा आवाज आला. गरजेपेक्षा जास्त मोठा.

"मला विचारायचंय." मावशींचा नवरा. काम सोडून तो कधी आला, त्यांना कळलंच नव्हतं. "जिराफाला ऐकू कमी यायला लागलं, तर ते त्याच्या बायकोला आपोआप कळतं, का त्यानं सांगायला लागतं?"

लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. बुधवार, न ओळखलेली खुर्ची, दिवसभर घरघरणारं चावीचं यंत्र, तोंडाकडे टक लावून ऐकणं, आणि तो सारखा सारखा 'काय', सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. इतकी वर्षं त्या वस्तीभरच्या माणसांचे प्रश्न खुर्चीवरून ओळखत होत्या. स्वतःच्या घरातला तेवढा राहिला होता.

डॉक्टर उत्तराला तोंड उघडत होते. त्यांच्या आधी मावशीच बोलल्या. "सांगायला लागतं," त्या भिंतीपासून म्हणाल्या, त्याला नीट पोचेल अशा आवाजात. "बायको जिने पुसण्यात गुंतलेली असते. तिला वाटतं, मुद्दाम खिजवतोय."

"बरं," नवरा म्हणाला. "मग सांगितलं असं समज."

काही जण हसले. ज्यांना कळलं ते हसायचे थांबले. मॅडमनी यादीवर आणखी एक खूण केली आणि काठी टेकून उठल्या.

"मला एक खरं सांगायचंय," त्या म्हणाल्या. "तीन हजार चारशे बावन्न वेळा तुम्ही जिराफ विचारला, असं मी म्हणाले होते. ते चूक आहे. तो एकाच माणसानं विचारला. तोही लाइन आली का बघायला."

दोघांतिघांनी मावशींकडे पाहिलं.

"असेल," कंडक्टरकाका बसल्या जागेवरून म्हणाले. "आता आमचा आहे तो."

"तेच म्हणतेय मी." मॅडमनी यादी वर धरली. "या कागदावर जे आहे त्यातलं एकही मला यंत्रावरून उमगलं नसतं. आज तासाभरात नऊ प्रश्न ऐकले. इतर दोन वाचनालयांच्याही याद्यांचा तळ मी वाचलेला नाही. न वाचता कुठलंच बंद करणार नाही. तिन्ही ठिकाणी असे शनिवार घ्यायचे. तोवर तिन्ही उघडी राहतील. तेवढा अधिकार माझ्या खुर्चीला आहे."

टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला, की डॉक्टर दचकले. सरांनी जवळच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. गर्दीतून वाट काढत मावशी मागे गेल्या.

"काय म्हणाल्या मॅडम?" नवऱ्यानं विचारलं. "टाळ्यांनी काही कळलं नाही."

मावशींनी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "उघडं राहणार आहे, अहो."

"ओरडतेस कशाला? एवढं येतं ऐकू."

पुढे माणसं डॉक्टरांना सोडायला तयार नव्हती. "पुढच्या वेळी कोणता प्राणी?" असं कंडक्टरकाकांनी विचारायचा अवकाश, चारी बाजूंनी नावं यायला लागली. कासव. हत्ती. मुंगी. शिवणवाली म्हणाली कोळी, आणि पेंटरकाका म्हणाले जे काढायला सोपं जाईल ते. मावशींनी फळ्यापाशी जाऊन खडू घेतला आणि एकाखाली एक लिहू लागल्या, जरा सावकाश, पण कुणाला दुसऱ्यांदा सांगायला न लावता.

"वटवाघूळ," मागून सर हळूच म्हणाले.

मावशींनी वळून पाहिलं. सरांचे कान तांबडे झाले होते. सरांना इथे येऊन चार वर्षं झाली, पण या माणसानं स्वतःसाठी एक प्रश्न विचारलेला त्यांना आठवत नव्हता.

"का हो सर? वटवाघूळ का?"

"लिहा ना मावशी," सर म्हणाले. "त्या दिवशी विचारीन."